वाहून गेलेल्या शिळा

इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत एक्समूर नांवाचें डोंगराळ माळरान आहे. त्यांतून बार्ल नांवाची लहानशी नदी वाहते, आणि तिजवर टार स्टेप्स नांवाचा जुना पूल आहे. त्यास कमान नाहीं, चुना नाहीं. पाण्यांत दगड रचून त्यांवर सपाट शिळा आडव्या टाकिल्या आहेत. गाळे 17, लांबी सुमारें 180 फूट. मोठ्या शिळा दोन टनांपर्यंत वजनाच्या. तो प्रथम कोणी व केव्हां बांधिला याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं.

नदीस मोठा पूर येऊन झाडांचे ओंडके आदळले कीं या शिळा वाहून जातात. 1952 सालच्या महापुरांत व पुन्हां 2012 सालच्या डिसेंबरांत असेंच झालें. म्हणून शिळांस क्रमांक दिले आहेत. पूर ओसरल्यावर माणसें त्या खालच्या अंगास शोधितात व एकेक शिळा तिच्या जागीं पुन्हां बसवितात.

तर मग हा पूल कोणाचा? ज्यानें प्रथम रचिला त्याचा, कीं जे प्रत्येक पुरानंतर रचितात त्यांचा? आम्हांस वाटतें, दोघांचाही. परंतु या दुसऱ्यांवांचून आज तेथून कोणी पार गेला नसता.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांचेंही असेंच आहे. पुष्कळ गांवीं आपल्या आजोबांनीं जातिभेदाचा ओढा ओलांडून एकत्र प्रभुभोजन घेतलें, तेव्हां एक पूल बांधिला गेला. त्याचा आपण अभिमान बाळगितों. पण पुढें शेताच्या बांधावरून किंवा सोयरिकीवरून तंटा होतो. दोन घरें एकाच उपासनेस येतात आणि परस्परांशीं बोलत नाहींत. तेव्हां एक शिळा वाहून गेली असें समजावें. आजोबांचा अभिमान ती परत आणीत नाहीं. किती वेळां क्षमा करावी असें पेत्रानें विचारिलें, तेव्हां प्रभूनें ती संख्या मोजण्यापलीकडे नेली. पूर एकदांच येत नाहीं, हें त्यास ठाऊक होतें.

कोणी म्हणेल, "अपराध त्याचा, मग आम्हीं कां जावें?" शिळा बसविणाऱ्यांनीं पूर आणिला नव्हता, तरी पाण्यांत तेच उतरले. मात्र ज्यानें दुसऱ्याचा बांध कोरिला असेल त्यानें तो परत करावा. तीही समेटाचीच शिळा होय.

त्या पुलाची एक दंतकथा आहे. सैतानानें तो आपणांस ऊन खात पडण्यासाठीं बांधिला, व तो कोणास पार जाऊं देत नसे. शेवटीं गांवचा पाळक चालत त्याच्या समोर गेला. कथा ती कथाच. पण "आधीं त्यानें यावें" असें म्हणत पुलावर अडून बसणें हें कोणाचें काम आहे, तें तिनें बरोबर ओळखिलें आहे. येत्या प्रभुभोजनापूर्वीं आपण उठूं या, आणि आपली शिळा शोधावयास जाऊं या.