धाकटीची फ्रेंच

शिवाजीनगर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पुण्याचं स्टेशन येतं. ही गोष्ट बेंगळुरूच्या शिवाजीनगरातली. 1638 साली विजापूरच्या फौजेनं बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्या खुणा शोधायला आजच्या शिवाजीनगरात जाऊ नये. तिथं रसेल मार्केटची मासळी आहे, जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी गुजरी आहे, मशिदीची बांग आहे आणि सेंट मेरी बॅसिलिकाचा उंच मनोरा आहे. एकाच बोळात तमिळ, दखनी, कन्नड आणि मारवाडी ऐकू येते. कान देऊन ऐकलं तर सांगलीकडची मराठीही येते. ती गलाईवाल्यांची.

विटा, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी भाग. पावसानं पोट भरेना म्हणून तिथली माणसं देशभर पांगली आणि सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली. जिथं सराफकट्टा, तिथं त्यांची भट्टी. आमच्या गोष्टीतले आबा असेच तरुणपणी इकडे आले. सराफांच्या गल्लीमागे एक खोली, तिच्यात भट्टी, मूस, तेजाबाच्या बरण्या आणि एक काटा, एवढा त्यांचा कारखाना. आबांना मराठी सोडून एकही भाषा धड येत नाही, तरी सगळ्या भाषांतली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे येतात. तमिळ सोनारानं मोडीचे दागिने पुढ्यात ठेवले की आबा मोजकंच विचारतात: माल कुठला, सांधे कशानं जोडलेत, तुमच्या काट्यावर वजन किती भरलं. मग त्याच्यासमोरच मूस भट्टीत ठेवतात. लगड निघाली की तूट किती ते काटाच सांगतो. आबांना बोलावं लागत नाही आणि भांडणही होत नाही.

आबांची धाकटी मुलगी इंजिनियर. शहराबाहेरच्या एका कंपनीत ती कारखान्यांतल्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिते. कंपनीची यंत्रं फ्रान्समधल्या एका कारखान्यात चालतात. ती सुट्या भागांवर चिकट द्रव्य नेमक्या मापानं सोडतात. पुढेमागे तिकडे जायला मिळेल या आशेनं धाकटीनं वसंतनगरच्या आलियांस फ्रांसेझमध्ये नाव घातलं होतं. पहिलीच पायरी. नमस्कार, नाव-गाव, घड्याळ, बाजारहाट आणि आकडे. आकड्यांनी सगळा वर्ग रडकुंडीला आला होता, कारण फ्रेंच माणूस सत्त्याण्णव म्हणताना ‘चार विसा दहा सात’ म्हणतो. धाकटीनं हे घरी सांगितलं तेव्हा आबांना त्यात नवल वाटलं नाही. “आमची आजी विसावरच मोजायची की. चार विसा म्हंजे ऐंशी. त्यात रडायचं काय?”

ऑगस्टमध्ये त्या कारखान्यातून तक्रार आली. यंत्र मधेच थांबतं. रोज नाही, एखाद्या दिवशी. थांबलं की पडद्यावर ‘मर्यादेबाहेर’ असा इशारा येतो. बेंगळुरूत नोंदी उघडून पाहिल्या. दर वेळी मापाच्या जागी 25 हा आकडा, आणि मर्यादा 10 ची. यंत्र थांबलं ते योग्यच होतं. मग हा 25 आला कुठून? कुणी सेन्सरवर संशय घेतला, कुणी केबलवर, कुणी नेटवर्कवर. कचेरीत तसंच यंत्र चालवून पाहिलं तर ते एकदाही थांबलं नाही.

टीमचे मोठे साहेब हुशार आणि कष्टाळू. त्यांची इंग्रजी अशी की ऐकत राहावं. त्यांनी तीन पानी पत्र लिहिलं: शक्यता, उपशक्यता, तपासण्यांचा क्रम. ते संगणकाकडून फ्रेंचमध्ये करवून घेतलं आणि पाठवलं. शेवटी नम्रपणे सुचवलं की चालकानं माप नीट भरलं जातंय याची खात्री करावी. तिकडून उत्तर आलं, चालक माप नीटच भरतो. साहेबांनी आणखी सविस्तर लिहिलं. तिकडचं उत्तर आणखी आखूड झालं. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या आणि यंत्र थांबत होतं.

एका संध्याकाळी तिकडून थेट फोन आला. यंत्र आत्ता थांबलेलं होतं आणि समोर चालक उभा होता. इंग्रजी जाणणारा त्यांचा माणूस रजेवर. साहेब दुसऱ्या बैठकीत. फोन धाकटीकडे वळवला गेला तेव्हा ती घरी पोचली होती. बॅसिलिकाच्या सणाचे दिवस जवळ आले होते. 8 सप्टेंबरच्या उत्सवाआधी नऊ दिवस भगव्या कपड्यांतल्या भाविकांनी गल्ल्या भरून जातात, लाउडस्पीकर चालू असतात. शेवटी आबांच्या भट्टीच्या खोलीत दार लावून ती फोनवर बसली.

(त्या बॅसिलिकाची आताची इमारत 1882 ची, पण त्या जागी पहिलं साधं देऊळ उभारलं ते आबे द्युब्वा नावाच्या फ्रेंच मिशनऱ्यानं. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो म्हैसूर मुलखात आला. इथल्यासारखे कपडे घालू लागला, इथल्या भाषा शिकला, लोकांना देवीची लस टोचून घ्यायला लावण्यासाठी खपला. म्हणजे या गल्लीत अर्धीमुर्धी भाषा घेऊन कामाचं बोलायची रीत दोनशे वर्षांची आहे, आणि पहिली पाळी फ्रेंच माणसावर आली होती.)

पलीकडचा माणूस भरभर बोलू लागला. धाकटीनं पाठ केलेलं पहिलं वाक्य काढलं: सावकाश, कृपा करून. तो थांबला. मग तिच्या लक्षात आलं की साहेबांच्या पत्रातलं काहीच आपल्याला फ्रेंचमध्ये सांगता येणार नाही. ‘कदाचित’, ‘जर असं असेल तर’, ‘शक्यता नाकारता येत नाही’ यातलं काहीही तिला अजून शिकवलं नव्हतं. तिच्याजवळ होतं ते एवढंच: काय, कुठे, केव्हा, किती. समजावून सांगण्याजोगी भाषाच नव्हती, तेव्हा विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

यंत्र चालतं? चालतं. केव्हा थांबतं? त्यानं उत्तर दिलं, त्यातला ‘लहान भाग’ एवढाच तिला कळला. मोठा भाग, यंत्र चालतं? हो, मोठ्याला चालतं. मोठा भाग, किती? तीन. लहान भाग, किती?

“दॅ व्हिर्ग्यूल सँक.”

दोन आणि पाच तिला कळले. मधला शब्द तिनं बाजारहाटाच्या धड्यात ऐकला होता. त्या धड्यातल्या चित्रात टोमॅटोच्या पाटीवर भाव होता, आणि युरो व सेंट यांच्या मधे टिंब नव्हतं, स्वल्पविराम होता. फ्रान्समध्ये अडीच 2,5 असंच लिहितात. आपण स्वल्पविराम हजार आणि लाख तोडायला वापरतो. तिच्याच टीमनं लिहिलेला प्रोग्रॅमही तसाच शिकलेला होता: आकड्यात स्वल्पविराम दिसला की तो हजाराचा समजून काढून टाकायचा. अडीचाचे पंचवीस तिथं होत होते. नोंदीत फक्त काढल्यानंतरचा आकडा उरत होता. मोठ्या भागाचं माप पूर्णांकात असल्यामुळे त्याला धक्का लागत नव्हता, आणि बेंगळुरूत तपासणी करणारे सगळे 2.5 असंच भरत होते.

यात कुणाचं अडाणीपण नाही. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं 2003 साली दशांशासाठी टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही ग्राह्य ठरवले. जगानं हा वाद मिटवायचं सोडून दोघांनाही मान दिलाय. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं विचारायला हवं होतं, इतकंच.

आता हे समजावायचं कसं? धाकटीनं मोजून शब्द लावले. “तुमच्याकडे व्हिर्ग्यूल. आमच्याकडे टिंब. माफ करा, यंत्र भारतीय आहे.” पलीकडे क्षणभर काही नाही, मग मोठ्यानं हसू. त्यानं टिंब देऊन अडीच भरलं. यंत्र चालू झाल्याचा आवाज फोनवरून आला. आबा काट्याशी बसल्या बसल्या ऐकत होते. फ्रेंच त्यांना काय कळणार? पण म्हणाले, “पहिल्यांदाच त्याचं वजन विचारायचं न्हाई का गं?”

धाकटीला एवढ्यावर फोन ठेवता आला असता. पण शिकवलेला एक प्रश्न शिल्लक होता, तो तिनं वापरला: आणि तुमचं दुसरं यंत्र? उत्तर बरंच लांब आलं. तिनं ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या यंत्रावर ते लहान भाग चालवतच नव्हते. ते थांबतं हे ठाऊक होतं म्हणून तो माल हातानं भरत होते, किती तरी दिवस. त्याची तक्रार का नाही केली? तो म्हणाला, कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅम दुरुस्त झाला. साहेबांना राग आला नाही. त्यांनी सगळ्यांसमोर धाकटीचं कौतुक केलं आणि पुढच्या आठवड्यापासून त्या कारखान्याच्या फोनवर तिलाच बसवायचं ठरवलं. सोयीसाठी तिला विचारायच्या प्रश्नांची एक यादीही करून दिली, दोन पानांची, फ्रेंच भाषांतरासकट.

धाकटीनं ती वाचली. म्हणाली, “सर, हे मी पाठ करीन, पण त्यानं काय उत्तर दिलं ते मला कळणार नाही. मला येतं तेवढंच विचारते. तुम्ही शेजारी बसा.”

साहेब खुर्ची ओढून बसले.