व्यसन आणि जीवाचे स्वातंत्र्य

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मार्गात उपदेश घेणाऱ्यास मद्यमांसादी व्यसनांचा त्याग सांगितलेला आहे. उपदेशी घरात वाढलेल्या मुलास हा नियम इतका परिचित असतो की त्यामागील विचार त्याला सांगण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. सूत्रपाठात 'आचार' हे जसे स्वतंत्र प्रकरण आहे, तसेच 'विचार' हेही आहे. आपण मुलांच्या हाती पहिले देतो आणि दुसरे राखून ठेवतो. पुढे तोच मुलगा शिक्षणासाठी शहरातील वसतिगृहात राहावयास जातो. तेथे गांजा, खोकल्याच्या औषधाची बाटली किंवा 'एमडी' नावाची पूड त्याच्यापुढे येते, आणि ती पुढे करणारा हात बहुधा मित्राचा असतो. त्या वेळी 'आमच्यात चालत नाही' एवढेच उत्तर त्याच्याजवळ असते, आणि ते मित्रांच्या हसण्यापुढे फार काळ टिकत नाही.

हे संकट लहान नाही. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्य घेत होते, ३ कोटींहून अधिक लोक भांग-गांजा यांचे, तर २ कोटींहून अधिक लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करीत होते. या कोट्यवधींत आपल्या घरची मुले नसतीलच, असे समजून स्वस्थ बसणे योग्य नव्हे. म्हणून तरुण साधक ज्या शंका मनात बाळगतात, पण वडिलांपुढे बोलत नाहीत, त्यांचा येथे विचार करू.

पहिली शंका अशी की, लीळाचरित्राच्या एकांकात हरपाळदेव द्यूत खेळल्याचे वर्णन आहे. मग आम्हासच निषेध का? याचे समाधान असे की, ईश्वराची लीळा स्मरणासाठी आहे, अनुकरणासाठी नव्हे. आपणास प्रमाण आहे ते त्यांचे वचन. शिवाय ती लीळा पूर्ण वाचावी. द्यूतात हार, डोक्यावर देणे, कमळाइसांकडे अलंकारांची मागणी, त्यांचा नकार आणि त्यानंतर आलेली उदासी, असा तो क्रम आहे. ईश्वराच्या ठिकाणी ती उदासी गृहत्यागाचे निमित्त झाली. सामान्य जीवाच्या घरी मात्र हाच क्रम अलंकार विकले जाईपर्यंत चालतो आणि उदासी येतच नाही. तेव्हा ही लीळा व्यसनास आधार देत नाही. व्यसन घरात कसे शिरते, ते ती दाखविते.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. कित्येक बैरागी गांजा ओढतात. त्याने चित्त एकाग्र होऊन आनंद होतो असे सांगतात. मग तो साधनेस उपकारक का मानू नये? येथे साधना म्हणजे काय, हेच प्रथम पाहिले पाहिजे. आपल्या मार्गात स्मरण हे मुख्य साधन. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे क्रमाने व सावधपणे आवर्तन करणे म्हणजे स्मरण. गांजाने नुकतेच ऐकलेले, पाहिलेले ध्यानात ठेवण्याची शक्ती मंदावते, असे वैद्यकशास्त्र सांगते. ज्या सामर्थ्यावर स्मरण उभे आहे, तेच हा पदार्थ पोखरतो. नशेत चित्त एकाग्र झाल्यासारखे वाटते, परंतु ते कशावर एकाग्र झाले, याचे भान उरत नाही. आनंदाविषयी म्हणावे तर तो पदार्थाच्या मात्रेवर अवलंबून असतो. मात्रा उतरली की तो उतरतो, आणि पुढील वेळी तेवढ्याच आनंदासाठी अधिक मात्रा लागते. देवताफळेदेखील नाशवंत म्हणून जेथे त्याज्य ठरतात, तेथे चार घटकांच्या या फळाची योग्यता कोणती?

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची. व्यसनाधीन मनुष्य स्वतःच्या इच्छेने वागतो की परवश असतो? स्वेच्छेने वागत असेल तर तो दंडास पात्र आणि परवश असेल तर त्यास उपदेश व्यर्थ, असा पेच येथे पडतो. याविषयी एक दृष्टांत घेऊ. पावसाळ्यात गोदावरीच्या तीरावर एक मनुष्य उभा आहे. पाण्यात पाऊल टाकावे की न टाकावे, याविषयी तो पूर्ण स्वतंत्र आहे. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर परतणे कष्टाचे होते, तरी शक्य असते. मध्यधारेत पाय सुटल्यावर मात्र 'परत ये' अशी हाक त्याला ऐकू आली तरी येता येत नाही. तेथे दोर आणि नाव लागते. दार्ष्टांतिक असे : पहिल्या सेवनापूर्वी जीव स्वतंत्र आहे, म्हणून निषेध तेथेच सांगावयाचा. पुढे मेंदूतील सुखाची वाट पालटते, इच्छा दुर्बळ होते, आणि कोवळ्या वयात हे अधिक लवकर घडते, कारण संयमाचे कार्य करणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या सुमारास पूर्ण वाढतो. जो मध्यधारेत आहे, त्याच्यासाठी केवळ उपदेश पुरेसा नाही. तेथे उपचार हाच धर्म.

यावरून दोन कर्तव्ये निघतात. पहिले, शिकवण वेळेवर द्यावी. बारा-तेरा वर्षांच्या मुलास नियमाबरोबर त्याचे कारणही सांगावे, त्याची शंका रागावल्याशिवाय ऐकावी, आणि मित्रास नकार कोणत्या शब्दांत द्यावा, तेही शिकवावे. नरकाची भीती घातलेला मुलगा पहिल्या सेवनानंतर काहीच घडले नाही असे पाहतो, आणि मग आपण सांगितलेले सर्वच खोटे मानतो. ज्या घरात पिता तंबाखू मळीत हा उपदेश करतो, तेथे तो मुलाच्या कानापर्यंतही पोहोचत नाही.

दुसरे, जो पडला त्यास लपवू नये आणि टाकूही नये. लोकलज्जेपायी मुलास खोलीत कोंडणे, किंवा आश्रमात आणून शपथ घालून एका दिवसात सोडविणे, हे प्रकार घडतात. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने वैद्यांच्या देखरेखीवाचून ते एकाएकी थांबविल्यास झटके व भ्रम होऊन प्राणही जाऊ शकतो, हे प्रत्येक महंताने व गृहस्थाने ध्यानात ठेवावे. प्रथम वैद्य, मग प्रतिज्ञा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी व्यसनातून बाहेर येता येते, हे दाखवून दिले आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, अल्प प्रमाणात बाळगणे वा सेवन करणे यांसारख्या अपराधात सापडलेला व्यसनाधीन स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असल्यास, त्यास खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. तेव्हा कायद्याच्या भीतीने उपचार टाळू नयेत.

आपल्या आचारधर्मात अनुताप व प्रायश्चित्त यांना मोठे स्थान आहे. स्खलन झालेल्यास परतण्याचा मार्ग ठेवणारा हा धर्म आहे. उपचार घेऊन परतलेला तरुण सभेत येईल तेव्हा त्यास पंक्तीत बसवावे, सेवा सांगावी, आणि त्याचे मागील नाव काढू नये. पुन्हा घसरला तर पुन्हा दोर टाकावा. रोग परतला म्हणून आपण रोग्यास टाकीत नाही. तीरावर उभ्या मुलास विचार द्यावा आणि धारेतील मुलास हात द्यावा. यांपैकी एकच केल्यास आपले कर्तव्य अर्धेच राहील.