दाबाखाली काय उरते?

माणूस बदलला म्हणजे त्याचे मूळ गेले काय? आमच्या सीमाभागातल्या मराठी घरांत हा प्रश्न वरचेवर निघतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. कचेरीची भाषा कानडी झाली. घरात मराठी, बाजारात दोन्ही, शिवाय दख्खनी. नातवंडे 'ओंदु, एरडु' करीत पायऱ्या मोजतात आणि आजी म्हणते, "सगळं बाटलं!"

मला या प्रश्नाचे उत्तर पायांखालच्या जमिनीत दिसते. बीदरच्या पठारावर जांभा आहे, त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ. आणि त्याच्याही खाली? शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. दख्खनची भूमी अचल, हा समज त्या पहाटे ढासळला. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तेथे 617 मीटर खोल छिद्र घेतले. 338 मीटरांवर काळा कातळ संपला, मग 8 मीटर गाळाचा थर लागला आणि त्याखाली अतिप्राचीन रूपांतरित खडक.

असा खडक न वितळताच बदलतो. दाब आणि उष्णता वाढली की त्याच्यातली द्रव्ये बहुतांशी तीच राहतात, पण त्यांची मांडणी नवी होते. जुनी खनिजे मोडून नवी बनतात. म्हणून खनिजे पाहून तो किती खोल गेला, किती तापला, हे सांगता येते. फार तापल्यावर हॉर्नब्लेंडचे पायरॉक्सिन होते आणि त्यातले पाणी निघून जाते. किल्लारीच्या खडकांनी हीच साक्ष दिली. ते कित्येक किलोमीटर खोल घडले. वरचे सारे झिजून गेल्यावर उघडे पडले आणि मग लाव्ह्याखाली झाकले गेले. सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी धारवाडी भूखंडाचे तुकडे एकमेकांना भिडून जुळले, असे भूवैज्ञानिक मानतात. आपल्या सपाट माळाखाली त्या जुन्या उलथापालथीची दप्तरे अशी जपलेली आहेत.

यावरून दाब चांगला, असे मात्र कोणी म्हणू नये. दाबाने खडकातले पाणी नेले, किल्लारीत माणसे नेली. आपल्याही घरांतून ओव्या गेल्या, शेतीचे कितीतरी शब्द गेले. ती हानी खरी आहे, आणि 'काही गेले नाही' म्हणणे हा खोटेपणा आहे. पण 'सगळे बाटले' म्हणणे हाही खोटेपणाच. ओंदु म्हणणारे पोर रात्री आजीलाच गोष्ट सांगायला लावते, आणि ती मराठीतच ऐकते.

वाचकहो, खडकाला आपल्यात काय बदलले ते लपवता येत नाही. माणसाला येते, म्हणून प्रामाणिकपणा हे माणसाचे कर्तव्य ठरते. शुद्धतेचा दावा करण्यापेक्षा काय गेले, काय राहिले आणि शेजाऱ्याकडून काय मिळाले, याचा सरळ हिशेब मुलांपुढे ठेवावा. मूळ म्हणजे न बदलणे नव्हे. जे घडले त्याची खरी नोंद अंगावर वागवणे, एवढेच मला त्याचे लक्षण वाटते.