फल आणि उपाधी

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत मार्च महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपले निवासी प्रशिक्षण कोणत्या शाखेत आणि कोणत्या रुग्णालयात व्हावयाचे हे कळते. विद्यार्थी आणि रुग्णालये या दोघांनीही आपापल्या पसंतीचा क्रम आगाऊ दाखल केलेला असतो, आणि १९५२ पासून चालत आलेली मध्यवर्ती व्यवस्था ते क्रम जुळवून जो फैसला देते तो उभय पक्षांवर बंधनकारक असतो. पुढे महाविद्यालये या नेमणुकांच्या याद्या प्रसिद्ध करतात, आणि त्वचारोग, अस्थिशल्य, मेंदूची शस्त्रक्रिया अशा चुरशीच्या शाखांत किती जण गेले हे मोजून प्रवेशेच्छू मुले त्या विद्यालयाची योग्यता ठरवितात. या रीतीतील दोष मला केवळ तार्किक वाटत नाही.

कार्यावरून कारण ओळखण्यात वावगे काही नाही; नैयायिकांनी त्याला शेषवत् अनुमान म्हणून स्थान दिलेच आहे. परंतु उपाधी नावाच्या दोषाविषयीही त्यांनीच सावध केले. अग्नी आहे तेथे धूर असणारच असे म्हणणाऱ्याला ते तापलेला लोखंडाचा गोळा दाखवितात: तेथे अग्नी आहे, धूर नाही, कारण धुराला ओल्या इंधनाचा संयोग लागतो. नामांकित विद्यालयाच्या यशात असा संयोग तेथे येणाऱ्या विद्यार्थ्याचा असतो. ज्याने प्रवेशापूर्वीच परीक्षांत उच्चांक गाठले, ज्याला सुशिक्षित घराण्याचे पाठबळ लाभले, तो अन्यत्र शिकला असता तरी बहुधा अशाच जागी पोहोचला असता. त्याच्या यशात विद्यालयाचा वाटा किती, याचा निवाडा ती यादी करू शकत नाही.

शिवाय पसंतीचा क्रम गुप्त असल्यामुळे यादीत प्राप्ती दिसते, इच्छा दिसत नाही. अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ मुलुखात कुटुंबवैद्य होण्याची ज्याची मनापासून इच्छा होती आणि ज्याला पहिलीच पसंती लाभली, त्याचे नाव वाचणारा ‘येथे काही कमी पडले’ असे समजतो. हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते, कारण त्यात एका विद्यार्थ्याबरोबर त्या मुलुखातील रोग्यांचीही किंमत खाली उतरते.

२०१० मध्ये फिट्झह्यू मुलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळेच फल मोजले: किती पदवीधर प्राथमिक उपचार करतात, किती जण डॉक्टरांची वाण असलेल्या भागांत जातात, आणि वैद्यकात ज्यांची संख्या अल्प आहे अशा समाजांतील किती जण पदवीपर्यंत पोहोचतात. त्या क्रमात मोअरहाउस, मेहॅरी आणि हॉवर्ड ही कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली तीन विद्यालये अग्रस्थानी आली, आणि कीर्तिवंत संस्थांपैकी अनेक फार मागे राहिल्या. येथेही उपाधी आहेच, असे नैयायिक म्हणेल. सेवाभाव घेऊन आलेलीच मुले तेथे जात असतील. ते मला मान्य आहे. तथापि कोणाला आत घ्यावयाचे हे ठरविणे विद्यालयाचेच कर्म आहे, आणि त्या कर्माचा अंतिम भोक्ता रोगी आहे. अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणावरील १९१० च्या आपल्या अहवालात अब्राहम फ्लेक्सनर यांनी कृष्णवर्णीयांच्या सात विद्यालयांपैकी मेहॅरी आणि हॉवर्ड एवढीच जोपासण्यायोग्य ठरविली. उरलेली पाच काही वर्षांतच नामशेष झाली, आणि तेथे घडले असते अशा डॉक्टरांवाचून त्यांच्या समाजातील रोग्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या.