तुमचा आकडा किती?

माणूस ओळखावा कसा, हा प्रश्न ऋषिमुनींपासून चालत आलेला आहे. आम्हा बँकवाल्यांनी तो निकालात काढला. माणसाची पत 300 ते 900 मधल्या एका आकड्यात बसवली, की झालं! त्याला सिबिल स्कोअर म्हणतात. चित्रगुप्ताला अजून वही लागते.

वीस वर्षं कर्जखात्यात काढल्यामुळे मला माणसाच्या आधी त्याचा आकडा दिसतो. त्यामुळे वडिलांची डोंबिवलीची जागा अकरा महिन्यांच्या कराराने द्यायची ठरली, तेव्हा “मुलगा फार सज्जन आहे हो,” ही शेजारच्या काकूंची शिफारस मी सरळ बाद केली. सज्जनपणाचा रकाना आमच्या कुठल्याच फॉर्मात नाही. बँकेच्या यंत्रावर त्याचा आकडा परस्पर बघता आला असता, पण मग नोकरी गेली असती. घरमालकाला तो अधिकार नाही. म्हणून मुलालाच म्हटलं, “तुझा अहवाल काढून आण. वर्षातून एकदा फुकट मिळतो.”

पोरगा साताऱ्याकडचा, कारखान्यात लेथवर काम करणारा. अहवाल घेऊन आला. आकड्याच्या जागी आकडाच नव्हता! जन्मात कर्ज काढलेलं नाही. “आबांनी सांगितलंय, कुणाचं देणं ठेवायचं नाही,” म्हणाला. आता ज्याने कुणाचा पैसा ठेवला नाही, तो आमच्या शास्त्राप्रमाणे संशयित. मी मान हलवायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो म्हणाला,

“साहेब, डिपॉझिट 50,000 ना? मग तुमचा बी कागद दाखवा की. पैसं तर तुमच्याकडं राहणार.”

मी बी.कॉम. आहे. घेतलेलं डिपॉझिट ताळेबंदात देण्यांच्या बाजूला लिहितात, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. म्हणजे हा धनको आणि मी ऋणको! इतकी वर्षं टेबलाच्या अलीकडे बसून मी विसरलो होतो, की टेबलाला पलीकडची बाजूही असते.

आणि माझा आकडा? 618. कर्ज माझं नव्हे. 2019 साली एका सहकाऱ्याची बायको इस्पितळात होती. त्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो. त्याचे हप्ते थकले आणि डाग माझ्या नावावरही पडला. सही करताना मी त्याचा आकडा विचारला नव्हता, तोंडाकडे बघितलं होतं. चुकलो का? बँकेचा माणूस म्हणून, होय. तशीच सही उद्या करीन का? बायको घरात नसेल तर करीन.

शेवटी कागद पुढे केला. पोराने तो उलटसुलट करून बघितला.

“हे चांगलं का वाईट, साहेब?”

खोटं बोलवेना. म्हटलं, “असल्या माणसाला आमच्या बँकेत सहसा कर्ज देत नाहीत.”

तो बराच वेळ गप्प बसला. मग कागदाची घडी घालत म्हणाला, “घरी विचारून रविवारी सांगतो.”

आज गुरुवार आहे.