चोराची नावे, आंबटाची नावे

वकिली करू लागल्यापासून एक गोष्ट मला सतत जाणवत आली आहे. माणसाला नाव देणे हाच पुष्कळदा त्याचा निवाडा असतो. न्यायाधीशाचा निकाल मागाहून येतो. गावाचा निकाल एका शब्दात आधीच लागलेला असतो. म्हणूनच पूर्वसूरींनी चोराला कोणती नावे दिली हे पाहण्याचा मला नाद लागला, आणि त्या कामी एका आंबट पदार्थाच्या नावाने मला साह्य केले.

अमरकोशात चोराला दहा नावे आहेत. एकट्या घरावर डोळा ठेवणारा तो ऐकागारिक, वाट अडविणारा तो प्रतिरोधी. यास्काचार्य तस्कर शब्दाची फोड 'ते करणारा' अशी करतात. 'ते' म्हणजे पाप. त्याचे नावही मुखाने घ्यावयाचे नाही. ज्याच्या ठायी पाप साचून घट्ट झाले तो स्तेन.

साचून आंबलेल्या पदार्थाला संस्कृतात 'शुक्त' म्हणतात. शिरका, कांजी हे त्याच कुळातले. कठोर वाणीलाही हाच शब्द लावीत. मनुस्मृतीने शुक्त वर्ज्य ठरविले. परंतु तेथेच न थांबता दही, दह्यापासून झालेले पदार्थ आणि शुभ फुले, मुळे, फळे यांपासून सिद्ध झालेली आंबवणे यांना मोकळीक दिली. वैद्यांनी तर कांजीला औषधात स्थान दिले. आंबट झाले एवढ्यावरून कोणतीही वस्तू टाकाऊ ठरत नाही. ती कशापासून झाली हे पाहावे लागते.

चोराच्या बाबतीतही स्मृतिकाराने हाच विवेक दाखविला आहे. तस्कर दोन प्रकारचे, असे तो सांगतो: अप्रकाश आणि प्रकाश. रात्री भिंत फोडणारा अप्रकाश. आणि उजेडात व्यवहाराच्या नावाखाली लुबाडणारा प्रकाश. लाच खाणाराही त्याने या तस्करांतच बसविला.

आता आपण काय करतो ते पाहू. काही वर्षांपूर्वी एका देवळाच्या बागेतले चार नारळ एका मुलाने नेले. सारा गाव त्याला 'चोर' म्हणू लागला, आणि ते नाव त्याला चिकटले. त्याच देवळाच्या हिशेबात पुढे मोठी तूट निघाली, तेव्हा मात्र बैठकीत 'घोळ', 'नजरचूक', फार तर 'अफरातफर' एवढेच शब्द ऐकू आले. चोर हा शब्द कोणी उच्चारला नाही. मी त्या बैठकीत होतो. मीही उच्चारला नाही.

मुलाने केले ते योग्य, असे माझे म्हणणे नाही. परंतु कायदाही या दोहोंना समान मानीत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला 3 वर्षांपर्यंत कारावास आहे, तर विश्वासाने सोपविलेले धन गिळणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत. मनुस्मृतीतला वर्णभेद आज कोणी मान्य करणार नाही. तथापि चोरीच्या दोषाविषयी तिने एक वेगळे गणित मांडले आहे. शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट वा त्याहूनही अधिक. कारण त्या कृत्यातले गुणदोष तो जाणतो. जाणतेपण वाढेल तसा अपराध वाढतो, हे तत्त्व त्यातून घ्यावयाचे.

आपल्या व्यवहारात हे गणित नेमके उलटे झाले आहे. अजाणत्याला कठोर शब्द, जाणत्याला सौम्य. देवस्व लोभाने गिळणाऱ्याला त्याच स्मृतीने गिधाडांच्या उष्ट्यावर जगावयास लावले आहे, हे आपण पुराण-कीर्तनात मान डोलावून ऐकतो, आणि सभामंडपाच्या पायऱ्या उतरताना विसरतो.

आपल्या घरात आंबलेल्या पिठाला आपण टाकून देत नाही. वास घेतो, चाखतो, मग ठरवितो. चार नारळ नेणाऱ्या मुलाविषयी बोलताना तेवढा धीर मी धरावयास हवा होता. आणि बैठकीत, जेथे धीराची नव्हे, धैर्याची गरज होती, तेथे तो एक शब्द उच्चारावयास हवा होता.