नाव न सांगायचं औषध

“आनीक कांय वखद घेता?” डॉक्टरांनी विचारलं.

“कांय ना,” मावशी म्हणाली. तिच्या मांडीवरच्या पिशवीत काढ्याची बाटली होती. मला ते ठाऊक होतं आणि मीही गप्प बसलो.

मावशी हळर्णची. आतड्याचा कर्करोग, यकृतापर्यंत पोचलेला. दर पंधरवड्याला सलाईनमधून केमो. त्यानंतरचे चार-पाच दिवस वाईट जायचे: मळमळ, तोंड आलेलं, जुलाब. अशा माणसाला शेजारपाजार रिकाम्या हाताने भेटायला येत नाही. कुणी लक्ष्मणफळाचा पाला आणला, कुणी गुळवेल, तर कुणी कुठल्याशा वैद्याचा पत्ता. आणणाऱ्याला आपण काहीतरी केलं असं वाटतं. नको म्हणणं रुग्णाच्या जिवावर येतं. आजारी माणसाने इतरांची समजूत किती काळ काढावी, हाही प्रश्न आहेच.

मावशी मात्र डॉक्टरांशी खोटं बोलली असं मला वाटत नाही. तिच्या लेखी वखद म्हणजे चिठ्ठीवर लिहून मिळतं ते. शिवाय ज्या आजोबांनी काढ्याचा पाला दिला त्यांची अट होती. आपल्याकडे गावठी औषध देणारे पूर्वीपासून सांगत आलेत, नाव फोडलं की गुण जातो. या अटीला मी अंधश्रद्धा म्हणून हसणार नाही. औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत, देवापुढे नारळ ठेवायचा, झाडाचं नाव सांगायचं नाही. या रिवाजामुळे झाड बाजारात गेलं नाही आणि देणाराही दुकानदार झाला नाही. मौनातही एक नीती होती.

बाजारात गेलं की काय होतं ते दोडामार्ग-आंबोलीकडच्या रानांना विचारा. तिथे नरक्या नावाचं झाड आहे. त्याच्या फुलांना घाण वास येतो. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून इरिनोटेकान हे केमोचं औषध बनवता येतं. त्यापायी नरक्याची चोरटी तोड झाली. मावशीला सलाईनमधून मिळतं ते इरिनोटेकानच. म्हणजे ती जुलाबाने हैराण होते तीसुद्धा झाडपाल्याच्याच औषधाने. फरक एवढाच की या झाडपाल्याचं नाव, माप आणि दुष्परिणाम कागदावर आहेत.

याच इरिनोटेकानबद्दल 2002 साली नेदरलँड्समध्ये एक छोटा अभ्यास झाला, जेमतेम पाच रुग्णांचा. तिकडे उदासीवर घेतात ती सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सोबत दिल्यावर औषधाचा रक्तातला परिणामकारक अंश 42 टक्क्यांनी घटला. सलाईन तेवढंच, त्रास सोसायचा तो सोसायचाच, आणि औषध जवळजवळ अर्धं वाया! युरोपातल्या त्या झाडाचं निदान मोजमाप तरी झालं. मावशीच्या बाटलीतलं कुणी मोजलंय?

गुळवेलीचंच बघा. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळे गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, आणि वाद शेवटी येऊन ठेपला तो त्या लोकांनी घेतलेली वेल नेमकी कुठली यावर. म्हणजे पुन्हा नावावरच.

घरातलं सगळंच टाकाऊ असं नव्हे. आल्याचा मळमळीवर उपयोग होतो का, हे अमेरिकेत 576 रुग्णांवर तपासलं. 2012 साली निकाल छापून आला: दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आलं केमोच्या तीन दिवस आधीपासून घेतलं तर मळमळ कमी होते. त्यानंतरचे सगळे अभ्यास तितके ठाम नाहीत, तरी डॉक्टरांना विचारून आल्याचा कीस घातलेली उकड्या तांदळाची पेज मावशीला आम्ही उघडपणे देतो. पाट्यावर वाटलेल्या पाल्याचा कच्चा रस मात्र बंद केला. केमोने पांढऱ्या पेशी उतरतात. अशा वेळी पाल्यावरचे जंतूही भारी पडतात.

राहिला काढा. आपल्याच पेडण्यात, धारगळला, 2022 पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे. तिथे विचारू म्हटलं, तर मावशी म्हणाली, काय म्हणून विचारणार? नावच माहीत नाही.

म्हणून औषध देणाऱ्या आजोबांकडे गेलो. पडवीत बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. केमोचं, यकृताचं, नरक्याचं. नरक्या त्यांना माहीत होता. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग उठून परसात गेले आणि पानं, फूल, मुळासकट एक रोप घेऊन आले.

“नांव हांव सांगपाचो ना,” म्हणाले. “पालो व्हर, आनी तांकां दाखय.”

पुढच्या खेपेला कदंबच्या बसमध्ये मावशीने ती पिशवी मला धरू दिली नाही. मूळ ओलं राहावं म्हणून तिने त्याला फडकं गुंडाळलं होतं.